उपरणं कुणाचं? येशिवात बसून ज्यू विद्यार्थी नेमकं काय शिकतात

दोन माणसं एकच उपरणं दोन्हीकडून धरून न्यायाधीशापुढे येतात. एक म्हणतो, "हे मला सापडलं." दुसरा म्हणतो, "नाही, मला सापडलं." एक म्हणतो, "सगळं माझं." दुसराही तेच म्हणतो. साक्षीदार कुणी नाही. निवाडा काय द्यायचा?

साधारण १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना नावाच्या ज्यू ग्रंथाचं उत्तर असं : दोघांनीही शपथ घ्यावी की 'यात माझा हिस्सा अर्ध्याहून कमी नाही', आणि मग वाटून घ्यावं. पुढचं वाक्य आणखी मजेशीर आहे. एक म्हणत असेल 'सगळं माझं' आणि दुसरा म्हणत असेल 'अर्धं माझं', तर पहिल्याला पाऊण मिळेल, दुसऱ्याला पाव. कारण अर्ध्या भागाबद्दल भांडणच नाही, तो पहिल्याचाच. भांडण उरलेल्या अर्ध्याचं, तेवढंच निम्मं करायचं.

कुणालाही पटेल असा निवाडा. आपण पान उलटून पुढे गेलो असतो. येशिवातला, म्हणजे ज्यूंच्या ग्रंथ शिकायच्या जागेतला, विद्यार्थी मात्र या चार ओळींवर कित्येक आठवडे बसतो. तो तिथे काय करतो, हे एकदा समजलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं. म्हणून आधी उपरणंच थोडं ताणून पाहू.

मिश्नावर पुढे जी दीर्घ चर्चा झाली तिला गमारा म्हणतात. ही गमारा पहिल्याच दमात विचारते : 'मला सापडलं' आणि 'सगळं माझं' अशी दोन-दोन वाक्यं कशाला? एकाने भागलं नसतं का? मिश्नाने शब्द वाया घालवलेला नाही, असं गृहीत धरूनच ही मंडळी बोलतात. त्यामुळे जादा दिसणाऱ्या प्रत्येक शब्दाची झडती होते. बऱ्याच खटपटीनंतर एक उत्तर निघतं : पहिलं वाक्य सापडलेल्या वस्तूबद्दल आहे, दुसरं विकत घेतलेल्या वस्तूबद्दल. दोन वेगळी प्रकरणं एकाच दाव्यात गुंडाळली आहेत.

मग गाडी शपथेवर येते. माणूस म्हणतोय 'सगळं माझं' आणि शपथ घेतोय 'अर्ध्याहून कमी नाही' अशी. हे काय? सरळ 'सगळं माझं' अशीच शपथ का नको? गमारा म्हणते, पण आपण त्याला सगळं देणार आहोत का? बरं, मग 'अर्धं माझं' अशी घेऊ दे. तर म्हणे, मग तो स्वतःचंच आधीचं बोलणं खोडतो. म्हणून ती वाकडी वाटणारी शब्दरचना : 'यात माझा हक्क आहे, आणि तो अर्ध्याहून कमी नाही.' नीट पाहिलं तर ही शपथ दोघांचीही खरी असू शकते, कारण दोघांनी ते उपरणं एकाच क्षणी उचललेलं असू शकतं. न्यायालय कुणाला खोटं बोलायला भाग पाडत नाही.

पण वाटणीच करायची, तर मुळात शपथ कशाला? रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) योहानान म्हणतात, नाहीतर उद्या कुणीही उठेल, दुसऱ्याच्या अंगावरचं उपरणं पकडेल आणि 'माझं' म्हणेल. फुकटात अर्धं मिळतंय म्हटल्यावर कोण सोडेल? त्यावर प्रश्न येतो : जो माणूस उपरणं लाटायला धजावला, तो खोट्या शपथेला घाबरेल का? यावर पुढे पानंच्या पानं आहेत आणि त्यात माणसाच्या मनाची जी चिरफाड आहे ती एखाद्या मुरलेल्या फौजदाराला शोभेल.

येशिवा या हिब्रू शब्दाचा अर्थ आहे बसणं. मराठीत 'बैठक' म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्याच्या बरंच जवळचं. एका ठिकाणी बूड टेकून अभ्यास करायची जागा. बाहेरच्यांना वाटतं की ही पुरोहित तयार करायची शाळा असेल. तसं नाही. धर्मगुरू तयार करणाऱ्या आधुनिक पद्धतीच्या संस्था १९व्या शतकात निघाल्या, जर्मनांच्या ब्रेस्लाऊमध्ये १८५४ साली, अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये १८७५ साली. तिथे इतिहास, भाषाशास्त्र, प्रवचनकला असा आखीव अभ्यासक्रम आणि शेवटी पदवी. जुन्या वळणाच्या येशिवात शिकणारे बहुतेकजण मात्र रब्बी होतच नाहीत. कुणी दुकान चालवतो, कुणी संगणकावर काम करतो. शिकणं हेच तिथे धर्मकृत्य आहे. आपल्याकडे नामस्मरणाने काय मिळतं असं वारकऱ्याला विचारू नये, तसं तिथे शिकून काय मिळतं असं विचारू नये.

ग्रंथांची उतरंड थोडक्यात सांगतो. सर्वात मूळ तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यासोबत तोंडी चालत आलेला कायदा होता. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं, माणसं पांगली, परंपरा विसरली जाण्याची भीती वाटू लागली, आणि साधारण २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी ती तोंडी परंपरा सहा विभागांत आणि ६३ प्रकरणग्रंथांत बांधली. हीच मिश्ना, नेटक्या हिब्रूत. पुढच्या तीनशे वर्षांत बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तिच्यावर जे वाद झाले ते अरामी भाषेत नोंदले गेले. ती गमारा. दोन्ही मिळून ताल्मूद. पॅलेस्टाइनमध्ये तयार झालेला आणखी एक, थोडा आधीचा ताल्मूद आहे, पण नुसतं ताल्मूद म्हटलं की बॅबिलोनियाचाच समजतात.

ताल्मूद हा कायद्याचा ग्रंथ म्हणून हातात घेतला तर माणूस वैतागतो. कलम नाही, अनुक्रम नाही. उपरण्यावरून गोष्ट जनावरांच्या दुधावर जाते, मध्येच कुणाच्या तरी आजीचा औषधी काढा, कुणाचं स्वप्न, कुणाची खोडी. शिवाय मूळ पाठात ना स्वरचिन्हं, ना पूर्णविराम. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याने आवाजाच्या चढउतारावरून ठरवायचं. म्हणून गमारा गाऊन वाचतात. प्रश्नाची चाल वर चढते, उत्तराची खाली येते.

छापील पानाची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यभागी मिश्ना आणि गमारा, ठसठशीत अक्षरात. शिवणीकडच्या बाजूला राशी यांची टीका. (आपल्या कुंडलीतल्या राशीशी संबंध नाही, रब्बी श्लोमो यित्झाकी या नावाच्या आद्याक्षरांचा तो शब्द आहे.) फ्रान्समधल्या त्रुआ गावचे हे गृहस्थ, १०४० ते ११०५. अवघड शब्द आला की तेव्हाची फ्रेंच भाषा हिब्रू अक्षरांत लिहून अर्थ देतात, त्यामुळे जुन्या फ्रेंचचे अभ्यासकही आज त्यांचे ऋणी आहेत. आपल्या उपरण्यावर राशी एवढंच म्हणतात : 'धरून' हा शब्द महत्त्वाचा. दोघांच्याही हातात आहे म्हणून वाटणी. एकाच्याच हातात असतं, तर दुसऱ्याला साक्षीदार आणावे लागले असते. एका ओळीत सगळ्या प्रकरणाचा खिळा दाखवून दिला.

बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे पुरवण्या. लिहिणारे कोण? राशींचे नातू आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले विद्वान. आणि ते करतात काय? आजोबांशी भांडतात. त्यातले सर्वात धारदार रब्बेनू ताम, राशींच्या मुलीचा मुलगा. तोसाफोतची सवय अशी की एका पानावरचं वाक्य हजार पानं दूरच्या दुसऱ्या वाक्यावर नेऊन आपटायचं. उपरण्यावर ते विचारतात : दुसऱ्या एका प्रकरणग्रंथात दोघेजण एका नावेवर हक्क सांगतात आणि तिथे निवाडा आहे, 'ज्याचं बळ चालेल त्याने घ्यावी.' मग इथे वाटणी का? उत्तर : नाव कुणाच्याच हातात नव्हती. उपरणं दोघांनी धरलेलं आहे, म्हणजे निम्मं-निम्मं जणू आधीच प्रत्येकाच्या ताब्यात आहे.

ही मांडणी रूढ केली व्हेनिसमधल्या दानिएल बोंबेर्ग या ख्रिस्ती छापखानेवाल्याने, १५२० ते १५२३ या काळात पूर्ण ताल्मूद छापताना. तेव्हापासून पानांचे क्रमांकही कायम झाले. ५०० वर्षांनी जेरुसलेम, ब्रुकलिन किंवा मेलबर्न, कुठेही 'बावा मेत्सिया, पान २' म्हटलं (बावा मेत्सिया हे या प्रकरणग्रंथाचं नाव) की उपरणंच निघतं. १८८० च्या दशकात विल्ना शहरातल्या रोम घराण्याच्या छापखान्याने काढलेली आवृत्ती आजही प्रमाण मानतात. एका पानावर हजार-बाराशे वर्षांत होऊन गेलेली माणसं एकमेकांना उत्तरं देत बसलेली असतात. मध्ये थोडी जागा उरली की विद्यार्थी पेन्सिलीने स्वतःचा प्रश्न लिहितो.

आता सभागृहात जाऊ. त्याला बेत मिद्राश म्हणतात. वाचनालयाची शांतता अपेक्षून गेलात तर दचकाल. लिलाव चालू असावा तसा गोंगाट असतो. शेकडो माणसं जोडीजोडीने, मध्ये उघडी पुस्तकं, कुणी श्टेंडर नावाच्या तिरप्या लाकडी मेजावर रेलून पुढेमागे झुलत, कुणी अंगठा हवेत फिरवत मुद्दा मांडतोय, कुणी टेबलावर हात आपटतोय. दिवस तीन बैठकींत वाटलेला : सकाळची, दुपारची, रात्रीची. शिक्षकाचं व्याख्यान असतं, पण ते तास-दीड तासाचं. बाकी सगळा वेळ जोडीदाराबरोबर. या जोडीला हव्रुता म्हणतात, अरामीत सोबत. कोण कुणाचा हव्रुता होणार यावरून सत्राच्या सुरुवातीला जी कुजबुज, जी मनधरणी आणि जे रुसवेफुगवे चालतात, ते पाहून आपल्याकडच्या स्थळं बघण्याची आठवण यावी.

हव्रुताचं काम काय? तुम्ही वाक्य वाचता, अर्थ सांगता. तो म्हणतो, "हे कुठे लिहिलंय?" तुम्ही बोट ठेवता. तो म्हणतो, "मग मागच्या पानावर उलट का म्हटलंय?" त्याने मान डोलावली तर तो वाईट हव्रुता.

याची एक गोष्ट ताल्मूदमध्येच आहे, आणि मला ती त्या सगळ्या ग्रंथातली सर्वात करुण गोष्ट वाटते. रेश लाकिश नावाचा दरोडेखोर होता. रब्बी योहानान यांनी त्याला विद्येकडे वळवलं, आपल्या बहिणीशी लग्न लावून दिलं, आणि दोघं अभ्यासाचे जोडीदार झाले. एकदा वाद निघाला : तलवार, सुरी, भाला ही वस्तू म्हणून नेमकी कधी 'पूर्ण' होते? दोघांची मतं वेगळी. चिडलेले योहानान बोलून गेले, "दरोडेखोराला दरोड्याची हत्यारं कळणारच." तो वार फार खोल गेला. रेश लाकिश आजारी पडला आणि गेला. योहानान शोकात बुडाले तेव्हा इतर विद्वानांनी एलाझार बेन पेदात हा हुशार जोडीदार पाठवला. योहानान काहीही म्हणाले की एलाझार म्हणायचा, "तुमच्या म्हणण्याला आधार आहे." काही वेळाने योहानान उसळले : "तू रेश लाकिशसारखा आहेस होय? मी काही म्हटलं की तो चोवीस शंका काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय रुंद व्हायचा. माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का, तू कशाला सांगतोस?" कपडे फाडत, 'कुठे आहेस रे लाकिशच्या मुला' म्हणत ते फिरत राहिले आणि अखेर त्यांचं भान हरपलं.

आपल्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष असतात. आधी प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडायचं, मग खोडायचं, मग सिद्धान्त. मराठी वाचकाला ताल्मूद समजायला ही जोडी बरीच उपयोगी पडते, पण एका ठिकाणी ती अपुरी पडते. ताल्मूदला अनेकदा सिद्धान्ताची घाईच नसते. हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या परंपरा तीन वर्षं भांडल्या, तेव्हा आकाशवाणी झाली म्हणे की ही आणि ती, दोन्ही जिवंत देवाचीच वचनं आहेत. मात्र आचरण हिल्लेलप्रमाणे करा. का? कारण हिल्लेलचे शिष्य सौम्य होते आणि आपलं मत सांगण्याआधी शम्मायचं मत शिकवत. हरलेलं मत पुसलं नाही, ते आजही मुलं तेवढ्याच मेहनतीने शिकतात आणि शम्मायची बाजू घेऊन जोडीदाराला घाम फोडतात.

काही वाद सुटतच नाहीत. तिथे गमारा एकच शब्द लिहिते : तेकू. राहू दे तसंच. आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला की त्यालाही तेकूच म्हणतात.

आणि आकाशवाणीचंही नेहमीच चालतं असं नाही. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे अशी जुंपली. एलिएझर म्हणाले, माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून शंभर हात दूर जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाडावरून काही सिद्ध होत नाही. ओढा उलटा वाहिला. ओढ्यावरूनही नाही. सभागृहाच्या भिंती झुकल्या, तर रब्बी येहोशुआ भिंतींवरच ओरडले, "विद्वान भांडताहेत, तुमचा काय संबंध?" शेवटी खुद्द आकाशवाणी झाली की एलिएझरच बरोबर. येहोशुआ उभे राहिले आणि तोरातलंच वचन फेकलं : "ती स्वर्गात नाही." म्हणजे एकदा ग्रंथ माणसांना दिला, आता बहुमताने ठरेल. नंतर कुणीतरी एलियाह या प्रेषिताला विचारलं, तेव्हा देव काय करत होता? एलियाह म्हणाला, हसत होता. म्हणत होता, माझ्या मुलांनी मला हरवलं.

गोष्ट इथे सांगून सोडून देतात, पण ताल्मूदमध्ये ती पुढे जाते. बहुमतवाल्यांनी एलिएझरना बहिष्कृत केलं, आणि त्या दुःखाने केवढा अनर्थ झाला तेही तिथेच, त्याच पानावर लिहून ठेवलं आहे. जिंकलेल्यांनी आपल्या जिंकण्याची किंमत स्वतःच नोंदवावी, हे मला भट्टीच्या चमत्काराहून मोठं वाटतं.

आज आपण ज्याला येशिवा म्हणतो ती संस्था या ग्रंथांच्या मानाने अगदी अलीकडची आहे. पूर्वी युरोपात मोठी मुलं गावच्या प्रार्थनागृहात स्थानिक रब्बीकडे शिकत आणि जेवणासाठी गावातली घरं वाटून घेत : सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. यिद्दिश भाषेत याला 'एसन टेग' म्हणत, शब्दशः 'दिवस खाणं'. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे पुण्याला शिकायला आलेली गरीब मुलं वार लावूनच जेवत. शब्दसुद्धा तोच निघाला, दिवसाचा! आणि त्या ताटातला मिंधेपणाही तोच : कुणाकडे शिळं, कुणाकडे टोमणा, आणि एखादा वार रिकामा राहिला तर उपास.

१८०३ च्या सुमारास आजच्या बेलारूसमधल्या वोलोझिन गावी रब्बी हाईम यांनी हे बदललं. विल्नाचे थोर विद्वान गाओन (१७२०–१७९७) यांचे ते शिष्य. त्यांनी येशिवा गावापासून वेगळी काढली. पैसा दूरदूरच्या शहरांतून फिरत्या प्रतिनिधींमार्फत जमवायचा, मुलांना भत्ता द्यायचा, वार बंद. विद्यार्थी आता कुणाच्या ओसरीवरचा आश्रित राहिला नाही, एका मोठ्या संस्थेचा माणूस झाला. जगात असा एकही क्षण जाऊ नये की जेव्हा कुणीच तोरा शिकत नाही, या श्रद्धेने तिथे पाळ्या लावून रात्रंदिवस अभ्यास चाले. आधुनिक हिब्रूचा महाकवी बियालिक तरुणपणी इथेच शिकला आणि इथूनच कवितेकडे पळाला. रशियन सरकारने लौकिक शिक्षणाच्या आणि वेळापत्रकाच्या अटी घातल्या, आतूनही कुरबुरी होत्या, आणि १८९२ मध्ये वोलोझिन बंद पडलं. तोवर तिचा साचा सगळीकडे पोहोचला होता.

वोलोझिनमध्येच शिकवणारे रब्बी हाईम सोलोवेचिक (१८५३–१९१८) यांनी अभ्यासाची एक नवी पद्धत रुळवली, ती पुढे ब्रिस्क गावच्या नावाने ओळखली गेली. तिचा गाभा एका उदाहरणाने कळेल. मी 'ही भाकरी मला निषिद्ध' असा नवस केला, किंवा 'मी ही भाकरी खाणार नाही' अशी शपथ घेतली. परिणाम एकच, भाकरी पोटात जाणार नाही. पण ताल्मूद म्हणतो, नवसात बंधन भाकरीवर पडतं, शपथेत माणसावर. ब्रिस्कवाल्यांनी ही वस्तू-माणूस अशी चिमटी उचलली आणि ग्रंथभर लावली. दोन ठिकाणी विरोध दिसला की विचारायचं, बंधन कशावर आहे? बऱ्याचदा विरोध विरघळतो. जुन्या मंडळींना ही रसायनशाळेतली पद्धत वाटली, आणि तरुणांना तिची चटक लागली.

या बुद्धीचा बाहेरच्या जगाला काही उपयोग? एक तरी उदाहरण मोजून दाखवता येतं. ताल्मूदमध्ये एक कोडं आहे : नवरा वारला, तीन बायकांचे विवाहकराराचे हक्क १००, २०० आणि ३००, पण मालमत्ता तेवढी नाही. मालमत्ता १०० असेल तर तिघींना सारखी. ३०० असेल तर ५०, १००, १५०. इथवर ठीक. पण २०० असेल तर ५०, ७५, ७५! हा आकडा आला कुठून, यावर शतकानुशतकं डोकी फुटली. १९८५ मध्ये रॉबर्ट ऑमन आणि मायकेल मॅशलर या गणितज्ञांनी दाखवलं की तिन्ही वाटण्यांमागे आपलं उपरणंच आहे. कोणत्याही दोघी घ्या. पहिलीचे ५० आणि दुसरीचे ७५, मिळून १२५. पहिलीचा दावा १०० चा, म्हणून २५ वर तिचं म्हणणंच नाही, ते दुसरीचे. उरलेले १०० निम्मे-निम्मे. झाले ५० आणि ७५. ऑमन यांना पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, द्यूतसिद्धान्तावरच्या, म्हणजे गेम थिअरीवरच्या, एकूण कामासाठी.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व युरोपातल्या येशिवा माणसांसकट नष्ट झाल्या. मीर गावची येशिवा जवळपास अख्खी वाचली, आणि कशी, तर लिथुआनियातले जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांनी १९४० मध्ये वरिष्ठांचं न ऐकता दिलेल्या व्हिसांवर. सैबेरियातून जपानला कोबे, तिथून शांघाय. ग्रंथ अपुरे पडले म्हणून त्यांनी शांघायमध्ये गमारा छापून घेतली आणि युद्ध संपेपर्यंत बैठक मोडली नाही. आज मीर जेरुसलेममध्ये आणि ब्रुकलिनमध्ये आहे. आरोन कोटलर यांनी १९४३ मध्ये न्यू जर्सीतल्या लेकवुडला मूठभर मुलांनिशी सुरू केलेल्या येशिवात आता हजारो विद्यार्थी आहेत.

पूर्ण वेळ बसणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पोलंडचे रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये एक युक्ती काढली. ताल्मूदमध्ये २७११ पानं. सगळ्या जगाने रोज एकच पान, तेही तेच पान, वाचायचं. साडेसात वर्षांत फेरी पूर्ण. बोटीवर भेटलेल्या दोन अनोळखी माणसांनाही बोलायला विषय मिळेल, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. १३वी फेरी संपत आली तेव्हा, १ जानेवारी २०२० रोजी, न्यू जर्सीतलं फुटबॉलचं प्रचंड मैदान थंडीत ९०,००० च्या आसपास लोकांनी भरलं. सध्या १४वी फेरी चालू आहे, २०२७ मध्ये संपेल. काम सुटल्यावर मुंबईच्या लोकलमध्ये भजनं म्हणतात, तसे न्यूयॉर्कच्या उपनगरी गाडीत पान उघडून बसलेले लोक दिसतात.

या चित्राच्या काळ्या बाजू नाहीत असं नाही. शतकानुशतकं हे सभागृह पुरुषांचं राहिलं. क्राकोवमध्ये शिवणकाम करणाऱ्या सारा श्निरेर यांनी १९१७ मध्ये मुलींसाठी बेस याकोव शाळा काढली, पण तिथेही गमारा शिकवली जात नसे. ते दार गेल्या काही दशकांत, आणि तेही ठरावीक वर्तुळांत उघडलं. २०२० मध्ये जेरुसलेमला हजारो स्त्रियांनी फेरी पूर्ण केल्याचा सोहळा केला. इस्रायलमध्ये दुसराच तिढा. १९४८ मध्ये सुमारे ४०० विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सवलत मिळाली, त्यांची संख्या वाढत हजारोंच्या घरात गेली. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की या सवलतीला आता कायद्याचा आधार नाही. ज्यांची मुलं सीमेवर आहेत त्यांचा राग आणि ज्यांना अभ्यास हेच राष्ट्राचं रक्षण वाटतं त्यांची निष्ठा, हे भांडण अजून तापलेलंच आहे. हे उपरणं कुणालाच निम्मं करून नकोय.

शेवटी थोडं आपल्या किनाऱ्याकडे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून पूर्वज आले असं सांगणारे बेने इस्रायल ज्यू, कोकणातले शनिवार तेली, शेकडो वर्षं मराठी बोलत राहिले. त्यांच्याकडे येशिवा नव्हती, ताल्मूदही नव्हता. शनिवारी घाणा बंद, खाण्याचे नियम, सुंता, आणि हिब्रूतली एक प्रार्थना, शमा : 'ऐक, हे इस्रायल'. एवढं टिकलं. गंमत अशी की ताल्मूदची अगदी पहिली ओळ, पहिल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर (त्या पानाला क्रमांक २ असतो, पान १ कुठल्याच ग्रंथात नसतं), हाच प्रश्न विचारते : संध्याकाळची शमा कधीपासून म्हणायची? आणि कुठवर? एलिएझर म्हणतात पहिला प्रहर संपेपर्यंत, इतर विद्वान म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, रब्बान गमलिएल म्हणतात पहाट होईपर्यंत. पहिल्याच ओळीला तीन मतं. कोकणात हे पान पोहोचलं नव्हतं. तिथे शमा सुंतेला म्हणत, लग्नात म्हणत, मयताला म्हणत.

नंतर कोचीनहून शिक्षक आले, मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग झालं, छापखाने आले. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी जोडहग्गादा निघाली. हग्गादा म्हणजे पेसाह या सणाच्या रात्री घरातल्या जेवणाच्या पंगतीत वाचायची पोथी. त्या पुण्याच्या प्रतीत साड्या नेसलेल्या बायकांची चित्रं आहेत. आणि प्रत्येक हग्गादेत असतो तो एक प्रसंग : बने ब्राक गावी पाच रब्बी रात्रभर बसून इजिप्तमधून सुटकेची चर्चा करताहेत. त्यात भट्टीवरून भांडलेले एलिएझर आणि येहोशुआ एकाच पंगतीला आहेत. बोलता बोलता उजाडलेलं त्यांना कळत नाही. दारात शिष्य येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "गुरुजी, सकाळची शमा म्हणायची वेळ झाली."